मोठ्या संगीतकारांना मेल पाठवायचा, पण त्यात लिहायचं काय?

काळी_दोन

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय २६. पार्श्वसंगीत करतो. आतापर्यंत चार शॉर्टफिल्म आणि एक डॉक्युमेंटरी झाली, सगळी मित्रांची. आता जे खरोखर मोठे सिनेमे करतात त्यांच्या आसपास जायचंय. गेल्या सहा महिन्यांत ४१ संगीतकारांना मेल टाकले. दोन उत्तरं आली. एक होतं मेलबॉक्स भरल्याचं. दुसरं 'थँक्स, ऑल द बेस्ट'.

मेल असा होता:

'आदरणीय सर, मी लहानपणापासून आपला निस्सीम चाहता आहे. आपलं संगीत ऐकतच मोठा झालो. सोबत माझ्या १२ रचनांची लिंक जोडत आहे. वेळात वेळ काढून ऐकावं आणि अभिप्राय द्यावा ही विनंती. आपल्यासोबत काम करायची संधी मिळाली तर मी स्वतःला भाग्यवान समजेन. पडेल ते काम करायची तयारी आहे.'

यात चुकलं काय? की मेल हा मार्गच नाही? आणि फुकट काम करावं का, दुसऱ्याच्या नावावर लिहावं का, यावरही अनुभवी लोकांनी बोलावं.

बेसूर_तरी_सही

हा मेल आहे की मानपत्र? खाली समस्त ग्रामस्थांच्या सह्या तेवढ्या राहिल्यात. ह. घ्या.

पण ४१ जणांना तोच मेल गेला ना? सुरुवातीचं 'सर' सोडलं तर तो कोणाला लिहिलाय हे ओळखता येत नाही. वाचणाऱ्यालाही ते पहिल्याच ओळीत कळतं.

खर्ज

एका संगीतकाराच्या स्टुडिओत नऊ वर्षं सहायक होतो, त्यातली बरीच वर्षं त्यांचे मेल मीच उघडायचो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाहता असल्याचं लिहिलंत त्यात वाईट काही नाही. खरी अडचण शेवटच्या ओळीत आहे. 'पडेल ते काम' वाचायला नम्र वाटतं, पण तुम्हाला काय येतं आणि कुठे बसवायचं हे शोधायचं काम त्यात तुम्ही समोरच्यावर टाकलंय. १२ रचना ऐकणं हेही कामच. म्हणजे ज्याला झोपायला वेळ नाही त्याला तुम्ही आणखी दोन कामं दिलीत, आणि वर अभिप्राय मागितलात.

त्या बाजूला काय चाललेलं असतं ते बघा. सिनेमाचं एडिट 'लॉक' झालंय असं सगळे म्हणतात. तसं ते कधीच नसतं. संध्याकाळी नवा कट येतो. कुठे अकरा फ्रेम गेलेल्या, कुठे अख्खा शॉट पुढे सरकलेला. लिहून झालेले तीसेक क्यू, म्हणजे एकेका प्रसंगासाठीचे संगीताचे तुकडे, त्या कटवर पुन्हा बसवायचे असतात. तिसऱ्या रिळातल्या चौथ्या क्यूची सातवी आवृत्ती कुठली आणि दिग्दर्शकाने मान्य केलेली कुठली, हे कोणाच्या तरी डोक्यात असावं लागतं. संगीतकाराने कीबोर्डवर वाजवलेली मिडी (कुठला सूर कधी आणि किती वेळ दाबला याची कॉम्प्युटरमधली नोंद) साफ करून ऑर्केस्ट्रेटरकडे, म्हणजे ते संगीत वाद्यांमध्ये वाटून लिहिणाऱ्याकडे, पाठवायची असते. तारवाद्यांचा एकच सूर तीन ट्रॅकवर थर देऊन वाजवलेला असतो, तो एका ओळीत आणायचा. सुरांची लांबी सरळ करायची. सॅम्पल (वाद्याचा रेकॉर्ड केलेला आवाज) बदलायला दाबलेले कीस्विच काढून टाकायचे, नाहीतर ते स्कोअरमध्ये खरे सूर म्हणून छापले जातात आणि डबल बासवाल्याला वाजवता न येणारा सूर समोर दिसतो. मग स्टेम्स, म्हणजे वाद्यगटांचे वेगवेगळे ट्रॅक, काढायचे, नावं द्यायची, वेळ तपासायची, पाठवायचे.

संगीत लिहायला माणूस हवा असतो तो फार क्वचित. या कामांना मात्र कायम हवा असतो, आणि कळवळून हवा असतो. नवा माणूस आत येतो तो याच दारातून.

मला स्वतःला उत्तर मिळालं तो मेल अजून जपून ठेवलाय. स्कोअरचं नाव गाळून देतो:

'अमुक स्कोअरमधल्या पाठलागात तालवाद्यं अचानक थांबतात आणि फक्त बास क्लॅरिनेट उरतो. तिथे वादकाच्या कानात क्लिक चालू होता की तो मोकळा वाजवत होता? मी मिडी साफ करून नोटेशनमध्ये आणायचं काम करतो. नमुना म्हणून तोच तुकडा कानाने उतरवून एक पान जोडलंय, सोबत त्याची कच्ची मिडी. तुमच्याकडे हे काम कोण बघतं ते कळलं तर यापुढे त्यांनाच लिहीन.'

बस. एवढाच. (क्लिक म्हणजे वादकाच्या कानात चालणारी तालाची टिकटिक.) अकराव्या दिवशी उत्तर आलं, तेही संगीतकाराचं नाही, त्यांच्या ऑर्केस्ट्रेटरचं: 'क्लिक होता. बास क्लॅरिनेट एक सप्तक चुकलाय.'

बास क्लॅरिनेट ट्रेबल क्लेफमध्ये लिहिताना ऐकू येणाऱ्या सुराच्या वर नवव्या स्वरावर लिहावा लागतो. मी दुसऱ्यावर लिहिला होता. वादकाने ते पान तसंच वाजवलं असतं तर सगळं एक सप्तक खाली गेलं असतं आणि शेवटचे दोन सूर वाद्यातच सापडले नसते. लाज वाटली. पण त्याच रात्री दुरुस्त पान पाठवलं, वर एकच ओळ: 'बरोबर आहे, दुरुस्त केलंय, धन्यवाद.' सबबी नाहीत, स्पष्टीकरण नाही. महिन्याभराने त्यांचा फोन आला. दोन दिवसांचं काम होतं, त्याची नऊ वर्षं झाली.

नंतर एकदा त्यांना विचारलं, चुकीचं पान बघूनही मला का बोलावलंत? म्हणाले, चुका सगळेच करतात, चूक दाखवल्यावर तू निबंध लिहिला नाहीस म्हणून.

तिहाई

+१. खर्जदादा, यावर स्वतंत्र लेख येऊ द्या.

मोठ्यांची सुरुवात बघितली तरी हेच दिसतं. जॉन विल्यम्स १९५८ साली हेन्री मॅन्सिनींच्या 'पीटर गन'मध्ये पियानो वाजवत होते. हान्स झिमर १९८०च्या दशकात लंडनमध्ये स्टॅनली मायर्स यांच्यासोबत काम करायचे. मायर्स ऑर्केस्ट्रात मुरलेले आणि झिमर सिंथेसायझरमधले, म्हणजे एकाकडे नसलेली गोष्ट दुसऱ्याकडे. पुढे झिमरनी स्वतःचा स्टुडिओ उभारल्यावर त्यातून हॅरी ग्रेगसन-विल्यम्स, जॉन पॉवेल, रमीन जवादी अशी फळीच निघाली.

आपल्याकडेही निराळं नाही. इलैयाराजा आधी जी. के. वेंकटेश यांचे सहायक होते. रहमान इलैयाराजांकडे कीबोर्ड वाजवायचे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी स्वतंत्र नाव होण्याआधी कल्याणजी-आनंदजींकडे सहायकी केली.

यातला कोणीही 'माझ्या चाली ऐका' म्हणत दारात उभा राहिला नव्हता. प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम होतं.

निषाद_चुकला

यादी छान आहे. पण हे सगळे सुटलेले लोक. त्याच खोल्यांमध्ये बसून ज्यांचं आयुष्य गेलं त्यांची यादी कोण करणार?

मी सांगतो दुसरी बाजू. एका बड्या माणसासाठी १४ क्यू लिहिले. लिहिले म्हणजे अक्षरशः कोऱ्या पानापासून. तोंडी ठरलं होतं की 'अतिरिक्त संगीत' म्हणून नाव येईल. सिनेमा लागला, मी आईवडिलांना घेऊन गेलो, श्रेयनामावली संपून दिवे लागेपर्यंत बसलो. नाव नव्हतं. वडील म्हणाले, फार भरभर सरकत होती रे, दिसलं नसेल.

विचारलं तर उत्तर आलं, 'पोस्टवाल्यांकडून राहिलं, पुढच्या वेळी बघू.' क्यू शीटवरही मी नव्हतो. तेव्हा क्यू शीट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, तो माझा गाढवपणा.

तेव्हा काळी_दोन, संबंध जोडा जरूर, पण डोळे उघडे ठेवून.

काळी_दोन

निषाद, वाचून वाईट वाटलं. वडिलांचं वाक्य तर... असो.

क्यू शीट म्हणजे नेमकं काय? मलाही माहीत नाही. मीही गाढवच.

खर्ज

निषाद म्हणतो ते खोटं नाही. मीही अशी माणसं पाहिलीत, एका खोलीत तर मीही नऊ वर्षं होतोच.

क्यू शीट म्हणजे सिनेमात वाजलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद. तुकड्याचं नाव, किती मिनिटं-सेकंद वाजला, दृश्यातल्या रेडिओवर वाजतो की पार्श्वभूमीला, कोणी रचला, कोणाचा किती टक्के हिस्सा, प्रकाशक कोण. पुढे टीव्हीवर वगैरे तो सिनेमा लागला की रॉयल्टीची वाटणी या कागदावरून होते. पडद्यावरचं नाव सगळ्यांना दिसतं म्हणून लोक त्याच्यासाठी भांडतात. ज्यावर पुढची वीस वर्षं पैसे येतात तो कागद मात्र बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो.

तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात: पडद्यावरचं श्रेय, क्यू शीटवरचा हिस्सा आणि कामाचे पैसे. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही. मिडी साफ करणाऱ्याला किंवा ऑर्केस्ट्रेटरला रचनेतला हिस्सा सहसा मिळत नाही, मागूही नये. कोऱ्या पानापासून लिहिलं असेल तर मागावा. समोरचा नाही म्हणू शकतो, मग ते काम घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पण पहिला क्यू लिहिण्याआधी.

आणि करारनामा वगैरे ऐकून घाबरू नका. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकायचा: 'आपलं ठरलं त्याप्रमाणे इतके क्यू, इतके पैसे, या तारखेला, श्रेय असं, क्यू शीटवर असं. काही राहिलं असेल तर कळवा.' माझ्या अनुभवात सरळ माणसाला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याबद्दल तुम्हाला फुकटात माहिती मिळाली.

दुसऱ्याच्या नावावर लिहिणं सरसकट पाप आहे असं मी म्हणणार नाही. हिस्सा आणि पैसे चोख असतील, पडद्यावर नाव नसेल, आणि हे आधीच कळलेलं असेल, तर वर्षभर करायला हरकत नाही. हात बसतो. तिसऱ्या वर्षीही तेच करत असाल तर मात्र विचार करा.

फुकट कामाबद्दल: नमुना फुकट, काम फुकट नाही. एक पान, एखादा क्यू, इथपर्यंत ठीक.

लेहरा

माझी शंका वेगळी. मला नोटेशन येत नाही. सगळं कानाने आणि कॉम्प्युटरवर. सारंगी बरी वाजवतो. म्हणजे माझ्यासाठी हे दार बंदच का?

रात्रपाळी

लेहरा, तुमच्याकडे सारंगी आहे आणि तुम्ही दार शोधताय?

हिल्दुर गुडनाडोत्तिर यांचं नाव ऐकलंय ना, 'जोकर'साठी ऑस्कर मिळालेल्या? त्या चेलोवादक. योहान योहानसन यांच्या स्कोअरमध्ये चेलो वाजवायच्या. 'सिकारिओ'चं संगीत योहानसन यांचं, त्यात चेलो यांचा, आणि २०१८ साली त्याचा पुढचा भाग आला तेव्हा संगीतकार म्हणून याच होत्या. वाद्य घेऊन खोलीत शिरलेल्या माणसाला सगळं दिसतं: दिग्दर्शक काय भाषेत बोलतो, संगीतकार कुठे गप्प बसतो, कुठे ऐकून घेतो. तुम्ही घरी स्वच्छ रेकॉर्ड करून, ४८ किलोहर्ट्झवर, क्लिकला धरून, दोन वेगवेगळे टेक त्याच दिवशी पाठवू शकत असाल तर तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे आहात. राग आळवून दाखवू नका. लांब एक सूर, घासटलेला एक सूर, श्वासासारखा गज, असे आठ-दहा तुकडे पाठवा. त्यांना वापरता येण्यासारखं तेच असतं.

मी म्युझिक एडिटर आहे, म्हणजे संगीत पिक्चरवर बसवते, म्हणून काळी_दोनना माझ्याकडून एक. ४१ संगीतकारांना लिहिलंत, पण त्यांच्या एडिटरना, ऑर्केस्ट्रेटरना, मिक्स करणाऱ्यांना किती मेल गेले? शून्य असणार. नावं तर श्रेयनामावलीतच असतात, निषादच्या नावासारखी गाळलेली नसतात. संगीतकाराला माणूस हवा असतो तेव्हा तो इंटरनेटवर शोधत नाही. शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो, 'कोणी आहे का रे?' त्या खुर्चीवर आम्ही असतो.

चुकीवरून आठवलं. सुरुवातीच्या काळात मी एका संगीतकाराला सेशन, म्हणजे ज्यात क्यू बनवतात ती कॉम्प्युटरमधली फाइल, तयार करून दिलं. पिक्चर होतं सेकंदाला २३.९७६ फ्रेमचं, मी सेशन लावलं २४ वर. फरक हजारात एक, कानाला कळतही नाही. पण तीन मिनिटांच्या क्यूमध्ये तो ०.१८ सेकंद होतो, म्हणजे चार फ्रेम. क्यूच्या शेवटी दार आपटतं आणि त्यावर मोठा ठोका होता. फायनल मिक्सला सगळे बसलेत, दिग्दर्शकही, आणि ठोका आधी पडला, दार नंतर आपटलं. पुन्हा लावून बघितलं. पुन्हा तेच. संगीतकार बिचारे स्वतःच्याच टेम्पोचं गणित तपासायला लागले.

माझ्या पोटात गोळा. गप्प बसले असते तर त्या दिवशी कोणाला कळलं नसतं, सगळ्यांनी तुकडा चार फ्रेम मागे ओढला असता आणि पुढे गेले असते. पण इतर क्यूही त्याच सेशनमधून निघालेले. उठून सांगितलं, 'चूक माझी आहे, फ्रेमरेट चुकवला, या रिळातले सगळे क्यू तपासावे लागतील, चाळीस मिनिटं द्या.' दिग्दर्शकाने असं काही बघितलं की आजही अंगावर काटा येतो. संगीतकार एवढंच म्हणाले, 'चाळीस म्हणालीस ना, मग चाळीसच.' अडतीस लागली.

ते अजूनही मला 'चार फ्रेम' अशीच हाक मारतात. सातवा सिनेमा चालू आहे त्यांच्यासोबतचा. तेव्हापासून प्रत्येक पिक्चरच्या आधीचा टू-पॉप, म्हणजे पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधीचा तो टूंऽऽ, मी स्वतः कानाने तपासते.

आणखी एक, कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून. संगीतकाराच्या स्टुडिओत दिग्दर्शक भेटला तर नमस्कार करा, पाणी विचारा, आणि स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड खिशातच राहू द्या. माझ्यादेखत एकाने लिफ्टपर्यंत सोडायला जाताना दिग्दर्शकाला स्वतःची लिंक पाठवली. दिग्दर्शकाने ती हसत हसत संगीतकारालाच दाखवली. पोरगा हुशार होता, कान तर फारच चांगला. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी.

बेसूर_तरी_सही

हे वाचून मी माझं कार्डच फाडलं.

गंभीरपणे: रेकॉर्डिंगचे फोटो सोशल मीडियावर टाकणं हाही त्यातलाच प्रकार. मागच्या स्क्रीनवर न आलेल्या सिनेमाची फ्रेम दिसते आणि मग धावपळ. गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते याचा विसर पडतो मंडळींना.

निषाद_चुकला

रात्रपाळी, टोमणा पोचला. :)

एक कबूल करतो. त्या १४ क्यूंच्या काळात शेजारच्या टेबलावर जो माझ्यासारखाच राबत होता, त्याच्यामुळे मला पुढची तिन्ही कामं मिळाली. बड्या माणसाकडून एकही नाही. 'वर' बघण्याच्या नादात बाजूला बघायचं राहू नये.

काळी_दोन

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.

या वेळी पाचच मेल टाकले, तीन ऑर्केस्ट्रेटरना आणि दोन म्युझिक एडिटरना. प्रत्येकासाठी वेगळं पान उतरवलं, प्रत्येकात एकच प्रश्न. एका पानाला सरासरी दोन रात्री गेल्या. तिघांकडून काहीच नाही. एकाने लिहिलं की सध्या माणूस नको, पण पानावरच्या गती-खुणा फार दाट आहेत, वादक इतकं वाचत नाही. पाचव्याने तीन क्यूंची कच्ची मिडी पाठवली आणि सांगितलं, परवापर्यंत साफ करून दे, याचे पैसे नाहीत, पुढचं असेल त्याचे असतील.

आता अडलोय. दुसऱ्या क्यूच्या १९ व्या बारमध्ये व्हायोला एफ शार्प धरून बसलेत आणि दुसरी व्हायोलिन्स त्याच्यावर साधा एफ वाजवतात. कानाला खुपतंय. बोट घसरलं असावं. गुपचूप दुरुस्त करू का?

खर्ज

अजिबात नाही. आहे तसं ठेव आणि विचार. आणि विचारताना 'चूक आहे' असं लिहू नकोस.

रात्रपाळी

बार, वाद्य, सूर, एवढंच. एका ओळीत.

काळी_दोन

तसंच केलं: 'क्यू २, बार १९, दुसरी व्हायोलिन्स साधा एफ, व्हायोला एफ शार्प. लिहिलंय तसंच ठेवलंय. बरोबर ना?'

रात्री पावणेदोनला उत्तर आलं: 'मुद्दाम आहे. राहू दे.' खाली आणखी नऊ क्यू जोडलेत, सोमवारपर्यंत हवेत. पैशांचा आकडाही लिहिलाय.

चार ओळींचा मेल टाकून आलोय. क्यू शीटचं या कामाला लागू नाही ना, खर्जदादा?

खर्ज

नाही. आता फोरम बंद कर आणि कीस्विच काढायला बस.